शिलकीची चार वर्षे आणि उधारीचे राजकारण

न्यूयॉर्क शहरातील सत्तेचाळिसावा रस्ता हिऱ्यांच्या व्यापारात असलेल्या जैन कुटुंबांना अपरिचित नाही. त्या बाजारपेठेपासून थोडे दक्षिणेला, बेचाळिसाव्या रस्त्याच्या परिसरात, १९८९ साली सिमूर डर्स्ट या वयोवृद्ध इमारत-व्यावसायिकाने स्वखर्चाने विजेवर चालणारा एक फलक उभारला. अमेरिकेच्या केंद्र सरकारचे एकूण कर्ज आणि त्यातील प्रत्येक अमेरिकी कुटुंबाचा वाटा त्या फलकावर क्षणाक्षणाला बदलणाऱ्या आकड्यांत दिसत असे. त्या वेळी हे कर्ज सुमारे २.७ लाख कोटी डॉलर होते. लोक त्या फलकाला कर्जाचे घड्याळ म्हणू लागले.

सप्टेंबर २००० मध्ये त्या घड्याळावर पडदा टाकण्यात आला. कारण मोठे शुभ होते : कर्ज वाढण्याऐवजी घटू लागले होते. मात्र २००२ च्या जुलैमध्ये पडदा दूर करून घड्याळ पुन्हा सुरू करावे लागले, आणि २००८ साली कर्जाने १० लाख कोटींचा टप्पा ओलांडला तेव्हा फलकावर आकड्यांची घरेच अपुरी पडली. डॉलरच्या चिन्हाची जागा एका आकड्याला द्यावी लागली. २०२४ च्या नोव्हेंबरात हे कर्ज ३६ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेले. जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्राला शिलकीचे दिवस आले होते. ते कसे आले आणि का टिकले नाहीत, याचा विचार प्रत्येक हिशेबी माणसाने करावा असा आहे.

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानी घ्यावा. एका वर्षात उत्पन्नापेक्षा खर्च जितका अधिक, ती तूट. वर्षानुवर्षांच्या तुटी साचून होते ते कर्ज. सरकार कर्जरोखे विकून तूट भागवते आणि त्यांवर व्याज देत राहते. २०२४ या आर्थिक वर्षात अमेरिकी सरकारचा खर्च सुमारे ६.७५ लाख कोटी डॉलर, तर उत्पन्न सुमारे ४.९२ लाख कोटी डॉलर होते. म्हणजे खर्चाच्या प्रत्येक १०० डॉलरपैकी ७३ कमाईचे, तर २७ उधारीचे. युद्ध नव्हते, महामारी सरली होती, बेरोजगारीही अल्प होती. अशा सुकाळात ज्या पेढीला शंभरातील सत्तावीस रुपये उसने आणावे लागतात, तिच्याशी व्यवहार करताना कोणताही जुना व्यापारी दोनदा विचार करील.

अमेरिकेची मूळ परंपरा अशी नव्हती. अँड्र्यू जॅक्सन या राष्ट्राध्यक्षाने १८३५ साली राष्ट्रीय कर्ज पूर्णपणे फेडले होते. त्यानंतरही युद्धकाळी कर्ज काढावे आणि शांतता येताच ते उतरवावे, हा अलिखित नियम दीर्घकाळ पाळला गेला. १९२३ ते १९२९ या काळातील राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज हे तर काटकसरीचे मूर्तिमंत उदाहरण होते. त्यांच्या कारकिर्दीत प्रत्येक वर्षी शिल्लक पडली, कर कमी झाले आणि कर्जही २२ अब्जांवरून १७ अब्ज डॉलरच्या आसपास आले. आधी खर्चाला वेसण आणि मग करांत सवलत, हा त्यांचा क्रम होता. परंपरावादी अर्थविचाराचे सारे मर्म या क्रमात आहे.

रोनाल्ड रेगन १९८१ मध्ये सत्तेवर आले तेव्हा महागाईने देश त्रस्त होता. त्यांनी कर कमी केले, उद्योगाला मोकळीक दिली आणि सोव्हिएत संघाला तोंड देण्यासाठी लष्करावर मोठा खर्च केला. त्या धोरणाची फळे अमेरिकेला मिळाली, हे नाकारता येत नाही. परंतु अंतर्गत खर्चाची कपात ना त्यांच्या हातून पुरेशी झाली, ना प्रतिनिधिगृहातील विरोधी बहुमताने ती होऊ दिली. परिणामी १ लाख कोटी डॉलरहून कमी असलेले कर्ज त्यांच्या आठ वर्षांत सुमारे तिप्पट झाले. कूलिज यांच्या क्रमातील पहिली पायरी गळाली आणि दुसरी तेवढी राहिली.

रेगन यांच्यानंतर आलेले थोरले जॉर्ज बुश यांनी १९८८ च्या प्रचारात नवे कर लावणार नाही, असे ठणकावून सांगितले होते. तूट आटोक्याबाहेर जाताना पाहून १९९० मध्ये त्यांनी विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाशी समझोता केला. त्यात करवाढ होती. पण त्याचबरोबर सरकारच्या ऐच्छिक खर्चावर कमाल मर्यादा घालण्यात आली, आणि नवी कायमस्वरूपी योजना किंवा नवी करसवलत आणायची तर तिची भरपाई दुसरीकडून दाखवलीच पाहिजे, असे कायद्याने ठरले. स्वपक्षाने त्यांना वचनभंगाबद्दल क्षमा केली नाही. १९९२ साली ते पराभूत झाले. त्याच निवडणुकीत टेक्सासचे उद्योगपती रॉस पेरो यांनी दूरचित्रवाणीवर अर्ध्या अर्ध्या तासाची वेळ विकत घेऊन, हाती तक्ते घेऊन, मतदारांना तुटीचा हिशेब समजावला. कोणत्याही मोठ्या पक्षाचा आधार नसताना त्यांना सुमारे १९ टक्के मते मिळाली. रुक्ष हिशेब सांगणाऱ्यालाही मतदार ऐकून घेतो, याचे ते प्रमाण होते, आणि दोन्ही पक्षांनी त्याची नोंद घेतली.

पुढील घटनाक्रम बोधप्रद आहे. बिल क्लिंटन यांनी १९९३ मध्ये कर वाढवून तूट कमी करण्याचा अर्थसंकल्प मांडला. रिपब्लिकन पक्षाचे एकही मत त्याला मिळाले नाही. १९९४ मध्ये न्यूट गिंग्रिच यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने चाळीस वर्षांनंतर प्रतिनिधिगृहात बहुमत मिळवले आणि खर्चकपातीचा आग्रह धरला. १९९५ च्या अखेरीस हा वाद इतका टोकाला गेला की सरकारी कचेऱ्या काही काळ बंद राहिल्या. अर्थसंकल्प समतोल राखण्याचे बंधन थेट राज्यघटनेत घालावे, हा प्रस्ताव १९९७ मध्ये सिनेटमध्ये अवघ्या एका मताने हुकला. मात्र त्याच वर्षी दोन्ही पक्षांनी समतोल अर्थसंकल्पाचा कायदा मिळून संमत केला. १९९८ ते २००१ अशी सलग चार वर्षे शिल्लक पडली. २००० साली ती सुमारे २३६ अब्ज डॉलर होती.

या यशाचे श्रेय कोणा एकाचे नव्हे. बुश यांनी ज्यासाठी स्वतःची खुर्ची गमावली ते नियम, क्लिंटन यांचे कर, गिंग्रिच यांचा खर्चाला नकार, शीतयुद्ध संपल्याने घटलेला लष्करी खर्च आणि संगणक-उद्योगाच्या तेजीने वाढलेले उत्पन्न या सर्वांचा त्यात वाटा होता. तथापि परंपरावादी दृष्टीला त्यातील एक गोष्ट विशेष मोलाची वाटते. राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि कायदेमंडळ दुसऱ्या पक्षाचे असल्यामुळे प्रत्येकाच्या उधळपट्टीला दुसऱ्याची आडकाठी होती. भागीदारीच्या धंद्यात एक भागीदार हात सैल सोडू लागला की दुसऱ्याने तिजोरीची किल्ली घट्ट धरावी, तसे ते झाले.

मग हे दिवस का सरले? संकटामुळे नव्हे, भरभराटीमुळे. २००० च्या निवडणुकीत वाद झाला तो शिल्लक कशी वाटायची याचा. जानेवारी २००१ मध्ये कायदेमंडळाच्या अर्थसंकल्प कार्यालयाने येत्या दहा वर्षांत एकूण ५.६ लाख कोटी डॉलर शिल्लक पडेल, असा अंदाज वर्तवला. मध्यवर्ती बँकेचे प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांनीही करकपातीस अनुकूल साक्ष दिली. हातात न पडलेला नफा खतावणीत जमा धरून त्यावर खर्चाचे बेत आखले गेले. २००१ व २००३ मध्ये कर घटले. दहशतवादी हल्ल्यानंतर अफगाणिस्तान व इराक येथे युद्धे सुरू झाली. २००३ मध्ये वृद्धांसाठी औषधांची नवी, मोठी योजना आली आणि तिच्यासाठी पुरेशी तरतूद केली गेली नाही. भरपाई दाखवण्याचे बंधन घालणारा नियमही २००२ मध्ये मुदत संपून गेला. २००१ ची १२८ अब्जांची शिल्लक जाऊन पुढच्याच वर्षी १५८ अब्जांची तूट आली. हे सर्व रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाच्या काळात आणि बव्हंशी त्याच पक्षाच्या बहुमताने झाले, हे कटू असले तरी नमूद केले पाहिजे. काटकसरीचा वारसा सांगणाऱ्यानेच तो सोडला, तर इतरांकडून अपेक्षा कोणती करावी?

त्यानंतरची कथा थोडक्यात सांगता येते. २००८ च्या आर्थिक संकटात तूट प्रचंड वाढली. २०१० मध्ये कर्जाविरुद्धच्या संतापातून नवे परंपरावादी सदस्य निवडून आले. त्यांच्या दबावाने खर्चावर मर्यादा आल्या आणि २०१५ पर्यंत तूट बरीच खाली आली. परंतु २०१७ मध्ये पुन्हा खर्च न घटवता कर घटवले गेले. २०१९ मध्ये, तेजी असताना, तूट १ लाख कोटींच्या जवळ पोहोचली. त्यावर महामारीचा खर्च आणि २०२१ मध्ये जो बायडेन यांच्या सरकारची १.९ लाख कोटी डॉलरची मदत योजना आली. जून २०२२ मध्ये महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला. सामान्य गृहिणीने सरकारी उधारीची किंमत दुकानाच्या गल्ल्यावर मोजली, आणि त्या नाराजीचे पडसाद २०२४ च्या मतपेटीत उमटले.

परंतु त्या निवडणुकीतील आश्वासने पाहावीत. डोनाल्ड ट्रम्प यांनी नोकरांना मिळणाऱ्या बक्षिशीवरील आणि वृद्धांच्या निवृत्तिवेतनावरील कर रद्द करण्याचे वचन दिले. सामाजिक सुरक्षा व वृद्धांची आरोग्य योजना यांना हात लावणार नाही, असेही सांगितले. कमला हॅरिस यांनीही बक्षिशीवरील करमाफी उचलून धरली आणि प्रथमच घर घेणाऱ्यांना २५ हजार डॉलरच्या साहाय्याची घोषणा केली. निवृत्तिवेतन, वृद्ध व गरीब यांची आरोग्यसेवा, संरक्षण आणि व्याज एवढ्या बाबींतच एकूण खर्चाचे दोन-तृतीयांशाहून अधिक डॉलर जातात. त्यांना स्पर्श न करता आणि कर कमी करून हिशेब जुळवण्याची विद्या जगातील कोणत्याही मुनिमास अवगत नाही. २०२५ मध्ये सरकारी उधळपट्टी शोधण्याची मोहीम गाजावाजाने निघाली, पण ती घोषित उद्दिष्टाच्या जवळपासही पोहोचली नाही. त्याच वर्षी ४ जुलैला जो मोठा कायदा झाला, तो दहा वर्षांत तुटीत सुमारे ३.४ लाख कोटी डॉलरची भर घालील, असा कायदेमंडळाच्याच कार्यालयाचा अंदाज आहे. कर्जाचे कारण देऊन त्यास विरोध करणारे सिनेटर रँड पॉल यांच्यासारखे रिपब्लिकन सदस्य बोटांवर मोजण्याइतके निघाले.

डॉलर हे साऱ्या जगाचे चलन असल्यामुळे अमेरिकेला कर्जाची भीती नाही, असे काही जाणकार म्हणतात. व्याजदर शून्याच्या आसपास होते तोवर हे म्हणणे खपून गेले. २०२२ नंतर दर वाढले आणि २०२४ मध्ये निव्वळ व्याजाचा खर्च संरक्षणखर्चाहून अधिक झाला. कर्जाची पत ठरवणाऱ्या तीन मोठ्या संस्थांपैकी एकीने २०११ मध्ये, दुसरीने २०२३ मध्ये आणि तिसरीने मे २०२५ मध्ये अमेरिकेचे सर्वोच्च मानांकन काढून घेतले. पत एका दिवसात बुडत नाही. ती हळूहळू झिजते, आणि झीज दिसू लागेपर्यंत धनकोही सौजन्याने वागत असतो.

या घडामोडींशी भारतीय व्यापाऱ्याचा संबंध दूरचा नाही. रिझर्व्ह बँकेच्या गंगाजळीचा काही भाग अमेरिकी कर्जरोख्यांत आहे. हिरे, वस्त्रे आणि रसायने यांची निर्यात डॉलरमध्ये मोजली जाते. अमेरिकेतील व्याजदर चढले की परकी भांडवल तिकडे वळते, रुपयावर ताण येतो आणि आयात महागते. त्या देशाचा हिशेब बिघडला तर त्याचे व्याज जगभर थोडे थोडे वसूल होते.

अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन सांगत असत की सरकारचा खर्च हाच खरा कर होय. खर्च न घटवता केलेली करकपात ही सवलत नसून पुढच्या पिढीच्या नावावर लिहिलेली हुंडी असते, आणि त्या पिढीला आज मताधिकार नसतो. परंपरावादी राजकारणाचे प्रयोजनच मुळी या अनुपस्थित पिढीची बाजू मांडणे हे आहे. ते काम सोडून केवळ करकपातीचा उत्सव करणाऱ्या पक्षाला परंपरावादी म्हणवून घेण्याचा अधिकार उरत नाही. १९९२ च्या मतदारांनी तक्ते घेऊन बसलेल्या माणसाला सुमारे १९ टक्के मते दिली, आणि सहा वर्षांत त्या राष्ट्राच्या खात्यावर शिल्लक दिसू लागली. अमेरिकेचा मतदार पुढील निवडणुकीत उमेदवारांना 'काय द्याल?' असे विचारण्याआधी 'कोठून द्याल?' असे विचारील काय, यावर तेथील कर्जाची वाटचाल अवलंबून राहील.