कराचा पैसा आणि प्रार्थनेची घंटा

आमच्या गांवाच्या नांवांतच धर्म आहे. तेव्हां धर्माच्या खर्चाविषयीं चार शब्द येथें लिहिले तर ते अस्थानीं वाटूं नयेत.

धर्माबादच्या बाजारांत मिरची विकून परतणारा शेतकरी साबणाची वडी घेतो, तेव्हां नकळत सरकारास करही देतो. तो कोणत्या देवास भजतो हें दुकानदार विचारीत नाहीं. असा पैसा एखाद्या धर्माच्या पोषणासाठीं खर्चावा काय? २६ जानेवारी १९५० पासून अमलांत असलेल्या राज्यघटनेचा २७ वा अनुच्छेद सांगतो कीं, ज्या कराचें उत्पन्न विशिष्ट धर्माच्या वा पंथाच्या संवर्धनासाठीं किंवा तो चालविण्यासाठीं खास नेमून दिलें आहे, असा कर देण्याची सक्ती कोणावरही करतां येणार नाहीं.

पूर्वीं असें नव्हतें. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता. त्या राज्यांत धर्मविषयक कारभारासाठीं उमूर-ए-मजहबी नांवाचें सरकारी खातेंच असे. परंतु निजामाकडे बोट दाखविण्यापूर्वीं आम्हां ख्रिस्ती लोकांनीं आपल्या घराकडे पाहावें हें बरें. ब्रिटिश अमदानींत गोऱ्या पलटणींच्या व अंमलदारांच्या उपासनेसाठीं नेमलेल्या पाद्र्यांचे पगार हिंदी तिजोरींतून दिले जात. १९३५ च्या कायद्यानें ह्या खर्चास, पेन्शन वगळून, सालीना ४२ लक्ष रुपयांची मर्यादा लिहून ठेविली. आणि तो मंजूर करण्या-नाकारण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींस मात्र दिला नाहीं. ज्या रयतेनें त्या चर्चचा उंबरठाही कधीं ओलांडला नाहीं, तिनेंच त्याचा भार वाहिला. विधवेनें स्वखुषीनें टाकलेल्या दोन दमड्यांची ज्यानें थोरवी सांगितली, त्याच्या नांवानें असा सक्तीचा पैसा घेणें आम्हांस शोभणारें नव्हतें.

आतां प्रत्येक खर्च ह्या नियमानें अडतो असें नाहीं. नांदेड येथें २००८ सालीं गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त सरकारी पैशानें रस्ते झाले. त्यांवरून सर्व धर्मांचे लोक जातात, तेव्हां तक्रार कोणती? सार्वजनिक विश्वस्तनिधींकडून देखरेखीबद्दल घ्यावयाची वर्गणी हा कर नसून शुल्क आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं मुंबई राज्यांतील रतिलाल गांधी खटल्यांत ठरविलें. तेंही आम्हांस पटतें. परंतु २०११ सालीं हज यात्रेच्या अनुदानाविषयीं निकाल देतांना त्याच न्यायालयानें म्हटलें कीं, कराचा मोठा हिस्सा, उदाहरणार्थ सबंध प्राप्तिकराचा चौथा भाग, एका धर्मावर खर्च झाला तर हा अनुच्छेद मोडेल; अल्प हिश्शानें नव्हे. हें आमच्या मनास पटत नाहीं. मनुष्याची सदसद्विवेकबुद्धि शेंकड्यांच्या हिशेबानें दुखावत नसते. (तें अनुदान २०१८ सालीं बंद झालें. मात्र त्रावणकोरच्या देवस्वम निधीस केरळच्या तिजोरींतून दरसाल ४६ लक्ष ५० हजार रुपये खुद्द घटनेच्या २९०-अ अनुच्छेदानेंच नेमून दिले आहेत, हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.)

शेवटीं आमच्या मिशन शाळांची गोष्ट. पुढचाच २८ वा अनुच्छेद म्हणतो कीं, राज्याची मान्यता वा अनुदान असलेल्या शाळेंत, अज्ञान मुलाच्या पालकानें संमति दिल्यावांचून, त्यास धर्मशिक्षणास किंवा उपासनेस बसविण्याची सक्ती करतां येत नाहीं. कित्येक शिक्षकबंधु म्हणतात, "कोणीही पालक हरकत घेत नाहींत, मग विचारावें कशाला?" आमचें मत निराळें आहे. शाळेंत मूल ठेवावयाचें तर मुकाट्यानें राहावें, ह्या भीतीनें गप्प बसलेल्या बापाचें मौन ही संमति नव्हे. प्रवेशाच्या अर्जावरच हा प्रश्न छापावा, पालकानें त्यापुढें "होय" वा "नाहीं" आपल्या हातानें लिहावें, आणि "नाहीं" लिहिणाऱ्याच्या मुलास प्रार्थनेच्या वेळीं वाचनालयांत बसूं द्यावें. अनुदान म्हणून शाळांस मिळणाऱ्या रुपयांत त्याच्या साबणाच्या वडीवरचा करही आहे.