तिला घरी फोन करू द्या

हाताबाहेर गेलेल्या मुलीला घरापासून लांब, कडक शिस्तीत ठेवलं की ती ताळ्यावर येते, ही समजूत आपल्याकडे ‘टाका हॉस्टेलवर’ एवढ्यावर भागते. अमेरिकेत या समजुतीचा मोठा धंदा झाला आहे आणि यूटा राज्य त्याचं माहेरघर. शाळा बुडवणारी, हातावर ब्लेड फिरवणारी, रात्री पळून जाणारी मुलगी. टेकीला आलेले आईबाप. आणि उपचार व शिक्षण दोन्ही देऊ म्हणणारी दूरची निवासी संस्था. कित्येकदा रात्री भाड्याची माणसं येऊन मुलीला अंथरुणातून उचलून नेतात, तेही आईबापांच्या संमतीनं.

अशा संस्थांच्या समर्थकांचा पहिला मुद्दा खोटा नाही. जीव द्यायला निघालेल्या मुलीवर चोवीस तास डोळा ठेवणं नोकरदार घराला झेपत नाही. अशा आईबापांना निष्ठुर ठरवणाऱ्यांनी त्यांच्या घरी एक रात्र जागून बघावी. पण गरज खरी असली म्हणून समोर आलेला इलाज खरा ठरत नाही.

‘तिथे मुली बदलतात’ हा दुसरा मुद्दा. कशावरून? अनेक संस्थांत पायऱ्या असतात. नीट वागलं की वरची पायरी, आणि घरी फोन करणं हे त्याचं बक्षीस. फोनवर बोलताना कर्मचारी शेजारी. पालकांना आधीच बजावलेलं असतं, ‘सुटका व्हावी म्हणून ती खोटं बोलेल, विश्वास ठेवू नका.’ म्हणजे छळाची तक्रार हेच आजाराचं लक्षण! अशा ठिकाणी मुलगी गप्प बसायला शिकते आणि कागदोपत्री ती सुधारते. पॅरिस हिल्टन नव्वदच्या दशकाच्या अखेरीस यूटातल्या प्रोव्हो कॅन्यन स्कूलमध्ये ११ महिने होती. तिथल्या छळाबद्दल ती उघडपणे बोलली २०२० मध्ये. (शाळेचं म्हणणं, २००० साली मालकी बदलली, आधीच्या कारभारावर आम्ही बोलू शकत नाही.) हॉटेलसम्राटाच्या पणतीची ही गत, तर सरकारी खर्चानं धाडलेल्या निराधार मुलींचं कोण ऐकणार? अमेरिकी सिनेटच्या वित्त समितीनं जून २०२४ मध्ये अशा संस्थांवर अहवाल काढला. त्याच्या शीर्षकातच त्यांना ‘दुर्लक्षाची गोदामं’ म्हटलं आहे.

मग या मुलींचं करायचं काय? उत्तरही अमेरिकेतच आहे. मार्शा लिनेहन १९६१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात एकांतखोलीत कोंडलेली मुलगी होती. पुढे मानसशास्त्रज्ञ होऊन तिनं भावनांचा लोट आवरायला शिकवणारी उपचारपद्धती घडवली. किशोरांसाठीच्या तिच्या रूपात आईबापही मुलांसोबत वर्गाला बसतात. ओरेगनमध्ये बालन्यायालयातून आलेल्या मुलींवर तुलनात्मक चाचणी झाली: मुलं सांभाळायला घेणाऱ्या प्रशिक्षित कुटुंबांत राहिलेल्या मुलींचे पुढे कोठडीतले दिवस गटनिवासातल्या मुलींपेक्षा कमी भरले. राहिलं शिक्षण. अशा अडचणींतल्या मुलांना विशेष शिक्षणाचा हक्क तर १९७५ च्या केंद्रीय कायद्यानंच दिला आहे, आणि शक्य तिथवर मूल इतर मुलांबरोबरच शिकावं, हाच त्याचा रोख आहे.

काही मुलींना काही काळ निवासी उपचार लागतीलच. ते घराजवळ हवेत, थोड्या मुदतीचे हवेत, आणि घरच्यांनाही त्यांत बसवायला हवं. यूटानं २०२१ मध्ये वर्षाला चार तपासण्या आणि दर आठवड्याला घरच्यांशी खाजगी बोलणं सक्तीचं केलं. डिसेंबर २०२४ च्या केंद्रीय कायद्यानं मात्र मुख्यतः अशा संस्थांचा अभ्यास करायला सांगितलं आहे. तेवढ्यानं भागणार नाही. जिथून मुलगी कुणी कान न देता घरी फोन करू शकत नाही, त्या संस्थेचा परवाना रद्द झाला पाहिजे.