धडधाकट यंत्रांची बडतर्फी

कर्जतच्या तहसील कचेरीभोवती दाखल्यांची आणि उताऱ्यांची जी कामे अहोरात्र चालतात, त्यांत कागदाची प्रतिमा संगणकात उतरविणे हे आता नित्यकर्म झाले आहे. राशीन-मिरजगावकडून येणाऱ्या अर्जदारास, शिष्यवृत्तीचे काम असो वा पीकविम्याचे, दस्तऐवज स्कॅन केल्यावाचून गत्यंतर नाही. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि जुनी मोडी दप्तरे उघडली, तेव्हा तर जीर्ण कागद प्रतिमारूपाने जतन करण्याची निकड सर्वांच्याच प्रत्ययास आली. अशा काळात ज्याचा दिवा लागतो, काच निर्मळ आहे आणि पट्टा शाबूत आहे, असा स्कॅनर केवळ नवा संगणक त्यास ओळखत नाही म्हणून भंगारात जावा, ही अक्षम्य उधळपट्टी होय.

दोष यंत्रात नसतो. स्कॅनरला हुकूम देणारी ड्रायव्हर नावाची आज्ञावली कंपनी ज्या विंडोजसाठी लिहिते, ती विंडोज बदलली की जुनी आज्ञावली निरुपयोगी ठरते. ३२ बिटांची विंडोज मागे पडून ६४ बिटांची आली तेव्हा कितीतरी जुन्या यंत्रांसाठी नवी आज्ञावली कोणी लिहिलीच नाही, कारण विकून झालेल्या मालापासून कंपनीस पुढे प्राप्ती नव्हती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि हाच प्रसंग आता नवी विंडोज न पेलणाऱ्या खुद्द संगणकांवर ओढवला आहे.

यावर उपाय आहे, आणि तो जुना आहे. १९९६ साली डेव्हिड मॉसबर्गर आणि अँड्रियास बेक यांनी स्कॅनरच्या आज्ञावलींचा ‘सेन’ नावाचा मुक्त प्रकल्प आरंभिला. ज्या कंपन्यांनी यंत्राची आज्ञाभाषा गुप्त राखली, त्यांच्या स्कॅनर आणि संगणक यांच्यातील यूएसबी तारेवरचे संभाषण टिपून, दिवा कोणत्या संकेताने लागतो आणि सरकता दांडा कोणत्या संकेताने पुढे जातो, हे स्वयंसेवकांनी एकेक करून ताडले आणि लिहून सर्वांस खुले केले. आज्ञावलीचा मूळ मजकूर खुला असल्यामुळे संगणक ३२ बिटांचा असो वा ६४ बिटांचा, तोच मजकूर त्याच्यासाठी नव्याने सिद्ध करता येतो. म्हणूनच कॅननचे लाइड २० आणि लाइड ३० यांसारखे वयोवृद्ध स्कॅनर लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर चालू शकतात.

सर्वच यंत्रे अशी उद्धरतात असे मात्र नाही. ‘सेन’च्या यादीत प्रत्येक यंत्रापुढे त्याची अवस्था प्रांजळपणे नोंदलेली असते, आणि काहींपुढे ‘आधार नाही’ असाच शेरा आहे. काही स्कॅनरना चालू होताना फर्मवेअरची, म्हणजे यंत्राच्या आतील आज्ञावलीची, एक फाइल लागते, ती कंपनीच्या मालकीची असल्याने ‘सेन’ला वाटता येत नाही आणि बहुधा यंत्रासोबतच्या सीडीतून घ्यावी लागते, तेव्हा कपाटातील जुन्या सीडी कोणी टाकून देऊ नयेत. कधी स्कॅनर प्रशासकाच्या खात्यास दिसतो पण साध्या वापरकर्त्यास दिसत नाही. तो बिघाड नव्हे, परवानगीचा प्रश्न असतो.

मुक्त आज्ञावलीच्या चळवळीचा उगमही कचेरीतल्या अशाच एका यंत्राशी जोडलेला आहे, हे येथे सांगितले पाहिजे. एमआयटीच्या प्रयोगशाळेतील झेरॉक्स प्रिंटरची आज्ञावली सुधारण्यासाठी रिचर्ड स्टॉलमन यांनी मूळ मजकूर मागितला, तो गुप्ततेच्या कराराचे कारण सांगून नाकारला गेला, आणि १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ या मुक्त आज्ञावलींच्या प्रकल्पाची घोषणा केली. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचे आयुष्य विक्रेत्याच्या मर्जीवर असू नये, हे तेव्हाचे म्हणणे आजही तितकेच न्याय्य आहे.

म्हणून सरकारी कचेऱ्या, महाविद्यालये आणि ग्रंथालये यांना माझी विनंती आहे की, कोणताही स्कॅनर निर्लेखित करण्यापूर्वी ‘सेन’च्या यादीत त्याचे नाव पाहावे, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून एकदा कागद उतरवून पाहावा, आणि नव्या खरेदीच्या निविदेत यंत्र लिनक्सवर चाललेच पाहिजे अशी अट लेखी घालावी.