वर्गातल्या जादा बाई

नाशिकहून तो व्हिडिओ येतच राहतो. कधी सासरच्या ग्रुपवर, कधी सिडकोतल्या माझ्या जुन्या शाळेतल्या बाईंकडून. डोक्याला रुमाल बांधलेली जपानी पोरं ओणवी होऊन ओल्या फडक्यानं शाळेचा व्हरांडा पुसत पळताहेत, मागे बासरी, आणि खाली हात जोडलेल्या खुणेसकट प्रश्न : आपण कधी सुधारणार? मग कुणीतरी मला विचारतं, ‘तू तिथंच आहेस ना, खरं आहे का हे?’

खरं आहे. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं लाउडस्पीकरवर गाणं लागतं आणि आख्खी शाळा झाडू-फडकी घेऊन उठते. मुख्याध्यापकही उठतात, मीही उठते. माझ्या वाट्याला बहुधा दुसऱ्या मजल्यावरचा जिना येतो. पण यात मला फार नवल वाटत नाही. निफाड तालुक्यातल्या ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकले तिथं शनिवारी आम्ही पोरी वर्ग सारवायचो आणि पोरं शेण गोळा करून आणायची. आता नाशिकच्या एखाद्या शाळेत मुलांच्या हाती झाडू दिला तर दुसऱ्या दिवशी चार पालक दारात उभे राहतील, आणि त्यातले दोघे तरी हाच व्हिडिओ फॉरवर्ड केलेले असतील. शिवाय व्हिडिओत न दिसणारा एक माणूस इथल्या शाळेतही असतो. नळाचे वायसर बदलणारा, हेज कापणारा, बर्फ पडला की पहाटे येऊन फाटकापासून वाट मोकळी करणारा. शिपाईमामाच म्हणा ना.

मी यामानाशी प्रांतात राहते, कोफूच्या खोऱ्यातल्या एका गावात. चारी बाजूंनी डोंगर, दक्षिणेकडच्या रांगेवरून फुजीचं टोक डोकावतं. माझ्या पदाचं नाव ‘सहायक भाषा शिक्षक’. सरकारनं 1987 मध्ये जेट नावाची योजना काढली, तेव्हापासून परदेशी माणसं अशी शाळाशाळांत येतात. सर्वाधिक अमेरिकेतून, भारतातून मोजकीच. करार एका वर्षाचा, योजनेतून आलेल्याला तो जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढवून मिळतो. वर्गावर मुख्य शिक्षक जपानी. ते व्याकरण जपानीतून समजावतात आणि मधूनच माझ्याकडे वळून म्हणतात, ‘प्लीज.’ मग मी धडा वाचते आणि छत्तीस मुलं माझ्यामागून म्हणतात. आमच्या बिरादरीत या कामाला टेपरेकॉर्डर म्हणतात. त्यात विनोदही आहे आणि थोडं दुःखही.

सुरुवातीला मला दुःखच जास्त होतं. नाशिकला मी इंग्रजीची बाई होते. म्हणजे काय, हे नाशिककराला सांगायला नको. गणिताच्या सरांना पालक नमस्कार करायचे, पण इंग्रजीच्या बाईंना घरी चहाला बोलवायचे. पोरगं इंग्रजीत फाडफाड बोललं की नोकरी, कार, कॉलेज रोडला फ्लॅट आणि पुढं परदेश असा सगळा जिना त्यांना दिसायचा. त्या जिन्याची पहिली पायरी माझ्या ताब्यात होती. इथं आले तर तसा जिनाच नाही. पंधराव्या वर्षी हायस्कूलच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजीचा पेपर असतो, तेवढ्यापुरती पोरं इंग्रजीला वचकून असतात. पण त्याच पोराला पुढं डॉक्टर व्हायचं असो, पूल बांधायचे असोत की गाड्यांचं इंजिन बनवायचं असो, सगळं जपानीतून शिकता येतं. पुस्तकं जपानीत, प्राध्यापक जपानीत, नोकरी जपानीत. पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला तोच मुळी 2020 साली. मग माझा तास म्हणजे चित्रकलेच्या तासासारखा. आवडतो, पण त्यावाचून कुणाचं अडत नाही.

हे पचायला वेळ लागला, आणि पचल्यावर मला अण्णासाहेब कर्वे आठवायला लागले. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारा हा माणूस. जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. ते विद्यापीठ टोकियोत नारुसे जिंझो यांनी 1901 मध्ये काढलेलं. 1915 च्या डिसेंबरात मुंबईला सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून कर्व्यांनी तसंच विद्यापीठ आपल्याकडे हवं असं मांडलं, आणि पुढच्याच वर्षी ते सुरूही केलं. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी एक विषय म्हणून. त्या काळच्या शहाण्यासुरत्या लोकांना हे अर्धवट वाटलं होतं. विद्यापीठ आणि मराठीतून? पुढं 1929-30 च्या जगप्रवासात कर्वे स्वतः जपानला येऊन गेले. आज त्यांच्या विद्यापीठाचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यातल्या मातृभाषेच्या कलमाचं काय झालं ते नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या शाळांच्या पाट्या वाचत गेलं की कळतं. मी स्वतः त्या पाट्यांवर पोट भरलेली बाई आहे, त्यामुळे फार तावातावानं बोलत नाही. एवढंच म्हणते, की ज्या देशात इंग्रजीची बाई जादाची ठरते त्या देशानं काहीतरी बरोबर केलेलं असतं.

दुपारचं जेवण वर्गातच. मुलं पांढरे एप्रन आणि टोप्या घालून पातेली ओढत आणतात, आपसांत वाढतात, सगळ्यांची ताटं भरल्याशिवाय कुणी घास घेत नाही. शाळेतल्या या जेवणासाठी 1954 पासून कायदाच आहे. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र मुलांच्या नजरेआड घडते. अर्धा तास आधी मुख्याध्यापकांच्या टेबलावर त्याच जेवणाचं एक ताट येतं. त्यांनी आधी खायचं, वास, चव, शिजलंय की नाही ते बघायचं, वहीत नोंद करायची. मगच पातेली वर्गात जातात. वाढदिवसाचा समारंभ असो की बैठक, हे चुकत नाही. आमचे मुख्याध्यापक साहेब त्या वेळी कुणाशी बोलत नाहीत, एकटेच मन लावून खातात.

माझी अडचण वेगळी. मी माळकरी घरातली. इथं रस्सा म्हटला की त्यात सुक्या माशाचं पाणी आलंच, भाजीही त्यातच शिजते. कुणाला अंड्याची ॲलर्जी असेल तर त्याच्यासाठी वेगळा कागद, वेगळा रंगीत ट्रे, दोन सह्या. पण ‘चालतं, पण मी खात नाही’ या माणसासाठी कुठलाच रकाना नाही. शेवटी डबा न्यायची परवानगी मिळाली. करीभात असतो त्या दिवशी मुलं माझ्या पोळीकडे बघून विचारतात, भारतात करी पोळीशी खातात? त्यांची करी पिठानं दाटसर केलेली, गोडसर, बहुतेक वेळा डुकराच्या मांसाची. इंग्रजांच्या आरमाराकडून इथं आली असं सांगतात. आपली म्हणावी अशी करी रासबिहारी बोस यांच्यामुळे 1927 मध्ये टोकियोतल्या नाकामुराया या दुकानात मिळायला लागली. बाँबहल्ल्याच्या खटल्यातून निसटून आलेला क्रांतिकारक आणि त्याच्या नावावर आजही एका उपाहारगृहाची करी!

भारतीय म्हटलं की दुसरा ठरलेला प्रश्न पाढ्यांचा. 2007 च्या सुमारास इथं ‘भारतीय गणिता’ची लाट आली होती, पुस्तकं धडाधड खपली, टोकियोतल्या भारतीय शाळांत जपानी पालक चौकशीला जायला लागले. त्यातून समज पक्का झाला की प्रत्येक भारतीयाला एकोणीस गुणिले एकोणीसपर्यंत तोंडपाठ असतं. शिक्षकखोलीत विज्ञानाच्या सरांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं, सतरा अठरा किती? आपला सतराचा पाढा दहापाशी संपतो हे त्यांना कोण सांगणार. अठराचा वर्ग 324, त्यातून अठरा गेले 306, असं मनात करून सांगितलं. आजोबांनी पावकी-निमकी घोकून घेतली होती, तिचा उपयोग झाला नाही, पण देशाची अब्रू राहिली.

ही शिक्षकखोली म्हणजे खरी शाळा. टेबलं एकमेकांना चिकटवून बेटं केलेली, प्रत्येक इयत्तेचं एक बेट. माझं टेबल कुठल्याच बेटात नाही, झेरॉक्सच्या मशीनशेजारी आहे. मी पावणेपाचला निघते. बाकी सगळे बसलेले असतात. क्लबचे सराव, पालकांना फोन, वह्यांवर शेरे, सहलीचं मिनिटामिनिटाचं वेळापत्रक. उपमुख्याध्यापक सकाळी सर्वांत आधी येऊन कुलूप काढतात आणि रात्री तेच लावतात. ओईसीडीच्या 2018 च्या पाहणीत इथल्या माध्यमिक शिक्षकांचा आठवडा 56 तासांचा निघाला, इतर देशांची सरासरी होती 38 च्या आसपास. आणि ओव्हरटाइम? 1971 च्या कायद्यानं तो मिळत नाही. त्याऐवजी पगाराच्या चार टक्के भत्ता ठरला, मग तुम्ही रात्री आठला जा की अकराला. 2025 मध्ये कायदा बदलून तो हळूहळू दहा टक्क्यांवर न्यायचं ठरलं. तो स्वच्छतेचा व्हिडिओ पुढं ढकलताना हा हिशेबही जोडावा, म्हणजे आपल्याकडच्या जनगणनेला आणि निवडणुकीला जुंपलेल्या गुरुजींना जरा बरं वाटेल.

परदेशी माणसाला या बेटांत जागा मिळते का? नियमानं अर्धीच. परदेशी नागरिकांना सरकारी शाळांत कायमस्वरूपी घ्यायचं 1991 मध्ये ठरलं, पण बहुतेक प्रांतांत पूर्ण शिक्षक म्हणून नव्हे, ‘अधिव्याख्याता’ म्हणून. वर्ग सांभाळता येतो, पण मुख्याध्यापकाच्या खुर्चीकडे जाणारी वाट बंद. म्हणूनच योगेंद्र पुराणिकांची गोष्ट इथल्या मराठी घरांत वारंवार निघते. अंबरनाथचा मुलगा, पुण्यात शिकला, 2001 पासून जपानात. 2012 मध्ये जपानी नागरिक झाला, 2019 मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डातून नगरसेवक म्हणून निवडून आला. तिथून राजकारणच करतील असं वाटत असताना इबाराकी प्रांताच्या सरकारी शाळांसाठी निघालेल्या जाहिरातीतून त्यांची निवड झाली, आणि 2023 मध्ये ते त्सुचिउरातल्या शंभराहून अधिक वर्षं जुन्या हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. गावाकडचे लोक ‘बघा, आपला माणूस’ म्हणतात. त्या खुर्चीसाठी भारताचा पासपोर्ट परत करावा लागला हे त्यात सांगायचं राहून जातं. आपला देश दोन पासपोर्ट ठेवू देत नाही, जपानही नाही. मला विचाराल तर मी तो सौदा करणार नाही, पण करणाऱ्याला बोलही लावणार नाही. 56 तासांचा आठवडा वर मिळत असताना तर नाहीच.

पण गेल्या शरदात एक मजा झाली. आमचं गाव द्राक्षांचं. द्राक्षांत यामानाशी जपानात पहिला, जसं महाराष्ट्रात नाशिक. मुलांच्या घरी मांडवाच्या बागा आहेत, पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मी सायकल थांबवून नुसती उभी राहिले होते. तसेच तारांचे मांडव, तशाच वाकून काम करणाऱ्या बाया. उपमुख्याध्यापकांना कळलं की माझ्या वडिलांची बाग आहे, तर त्यांनी ‘स्थानिक उद्योग’ या तासाला मला बोलायला सांगितलं. जपानीतून. इंग्रजीचे सर त्या दिवशी माझे तक्ते धरून उभे होते.

मी जीएपासून सुरुवात केली. पुणेकराला जीए म्हटलं की कुलकर्णी आठवतात, आम्हा निफाडकरांना जिब्रेलिक ॲसिड. घड लांबावा, मणी फुगावा म्हणून आमच्याकडे ते देतात, मगात घड बुडवून काढायचे, एकेक. ते द्रव्य सापडलं जपानी शास्त्रज्ञांना, भाताची रोपं वेड्यासारखी उंच करणाऱ्या एका बुरशीत. कुरोसावा यांनी 1926 मध्ये त्याचा माग काढला, याबुतांनी 1935 मध्ये नाव दिलं. पुढं याच यामानाशीत डेलावेअर नावाच्या बारक्या द्राक्षावर ते वापरून बिनबियांचे घड काढले. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो माझ्या तासाला कधी तोंड उघडत नाही, उठून म्हणाला, आमच्याकडे दोनदा बुडवतात, तुमच्याकडे किती वेळा? मग प्रश्न थांबेनात. आमच्या वेली हिवाळ्यात झोपत नाहीत, म्हणून एप्रिलात एक आणि ऑक्टोबरात एक अशा दोन छाटण्या घ्याव्या लागतात, हे त्यांना खरंच वाटेना. त्यांच्याकडे एकच छाटणी, ती बर्फात. त्यांच्याकडे घडाला पांढऱ्या कागदाची टोपी, आमच्याकडे थंडीत मणी गुलाबी पडू नयेत म्हणून वर्तमानपत्र गुंडाळतात, असं सांगितलं. (हे सदर छापून येईल तोही अंक कुठल्यातरी घडाभोवती जाईल, तेव्हा शेतकऱ्यांनी वाचून मग गुंडाळावा.)

शेवटी भावाचा विषय निघाला. त्यांचा शाइन मस्कॅट, 2006 मध्ये नोंदवलेली जात, दुकानात एक चांगला घड दोन हजार येनला सहज जातो, म्हणजे हजार-बाराशे रुपये. वडिलांना बांधावर किलोला काय मिळतं ते मी येनमध्ये करून फळ्यावर लिहिलं. वर्गात हशा पिकला, त्यांना वाटलं बाईंचं एक शून्य राहिलं. गणिताच्या बाबतीत भारतीय माणसाबद्दल त्यांचा जो समज होता तो तिथं थोडा डळमळला. त्या मागच्या बाकावरच्या मुलानं मात्र आकडा वहीत उतरवून घेतला आणि विचारलं, ‘मग औषधाचे पैसे कशातून देता?’ याचं उत्तर मला जपानीतूनही आलं नाही, आणि घंटा झाली.

पुढच्या आठवड्यात धडा सातवा होता. ‘प्लीज,’ सर म्हणाले, आणि मी वाचायला लागले.