कागद हातात हवा

मैत्रिणींनो, दिवाळीच्या साफसफाईत कागदांची पेटी तुम्हीही खाली काढत असाल. घरपट्टीच्या पावत्या, मुलांचे जन्मदाखले, आपलं बी.ए.चं सर्टिफिकेट. सगळं झटकायचं, नीट लावायचं आणि पेटी पुन्हा माळ्यावर. आमच्या पेटीत एक कागद बारा वर्षं होता आणि आम्ही सगळे त्याच्यावर डोळे मिटून विसंबलो होतो. आज त्याचीच गोष्ट सांगते. वन्संना विचारूनच लिहिते आहे. त्याच म्हणाल्या, "लिही गं, एखादीचं तरी भलं होईल."

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षांनी माहेरी आल्या, त्या आल्याच. २०१० साली त्यांच्या नवऱ्याने आपल्या गावच्या कोर्टात घटस्फोटासाठी अर्ज केला. पुढे दोन्हीकडची वडीलमंडळी एकत्र बसली, दागिन्यांचं देणंघेणं ठरलं आणि २०११ मध्ये स्टँपपेपरवर 'आता आमचा एकमेकांशी संबंध राहिला नाही' असं लिहून दोघांनी सह्या केल्या. मामंजींनी वकिलांना कोर्टातल्या केसचं विचारलं. "केस निकाली निघाली, आता काळजी नको," असं उत्तर आलं. मामंजींनी तो कागद आधी देवापुढे ठेवला, मग पेटीत. घटस्फोट झाला, असं घरीदारी सगळे म्हणू लागले.

२०२३ मध्ये वन्संना स्थळ आलं. गृहस्थ विधुर, पदरी एक मुलगी, माणसं सरळ. त्यांच्या भावाने फोनवर विचारलं, "कोर्टाच्या हुकूमनाम्याची नक्कल दाखवाल ना?" सासूबाईंना राग आला. "आमच्या शब्दावर विश्वास नाही का?" मी पेटी काढली. स्टँपपेपर सापडला, पण कोर्टाचा शिक्का कुठेच नाही. मामंजी गेलेले, वकीलही वारलेले, केसचा नंबर कुणालाच ठाऊक नाही.

एका शनिवारी शाळेतून रजा घेतली आणि वन्संबरोबर एस.टी.त बसले. (कोर्टं दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बहुधा बंद असतात, तेवढं पाहून निघा.) वन्सं वाटेत एक अक्षर बोलल्या नाहीत. ज्या गावात परत पाऊल टाकायचं नाही म्हणून बाहेर पडल्या, तिथेच निघालो होतो ना! कोर्टाच्या आवारात झाडाखाली टंकलेखकाकडून अर्ज लिहून घेतला, त्यावर कोर्ट फी स्टँप लावला. आतल्या कारकून बाई मोठ्या भल्या. म्हणाल्या, "नंबर नसला तरी दोघांची नावं आणि साल सांगा. जेवणाच्या सुटीनंतर या." तीन वाजता त्यांनी जुनी नोंदवही उघडून बोट ठेवलं. अर्ज २०१० चा, निकाल २०११ चा. आणि पुढे शेरा: अर्जदार गैरहजर, म्हणून अर्ज काढून टाकला.

वन्संनी विचारलं, "म्हणजे काय हो?"

बाई हळूच म्हणाल्या, "ताई, म्हणजे घटस्फोट झालेला नाही."

मैत्रिणींनो, 'निकाली' म्हणजे केस संपली, एवढंच. ती मंजूर झाली की फेटाळली, ते त्या शब्दात नसतं. स्टँपपेपरवर सह्या झाल्यावर कुणी तारखेला गेलंच नाही आणि कोर्टाने अर्ज काढून टाकला. कायद्याने वन्सं तेव्हाही त्यांच्याच पत्नी होत्या. त्या भावाने कागद मागितला नसता, तर आम्ही महिन्याभरात अक्षता टाकल्या असत्या. ते लग्न मुळातच रद्दबातल ठरलं असतं आणि शिवाय तो गुन्हा. पहिलं लग्न कायम असताना दुसरं केलं, तर सात वर्षांपर्यंत आणि पहिलं लग्न लपवून केलं, तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही हे तसंच आहे.

मग स्टँपपेपरच्या सोडचिठ्ठीला काही अर्थच नाही का? काही समाजांत रूढीने काडीमोड चालत आला आहे आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने त्याला धक्का लावलेला नाही. पण आपल्यात अशी रूढी आहे हे पुराव्याने शाबीत करावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केलं आहे. आमच्यात तशी रूढी नाहीच. नोटरीचा शिक्का मारला म्हणून त्या कागदाचा हुकूमनामा होत नाही.

आता कुणाला असा जुना निकाल शोधायचा असेल, तर आम्ही ठेचा खात जे शिकलो ते क्रमाने सांगते.

१. आधी कोर्ट ठरवा. हिंदू विवाह कायद्याखालचा अर्ज कुठेही करता येत नाही. जिथे लग्न लागलं, जिथे नवरा-बायको शेवटी एकत्र राहिली किंवा अर्जाच्या वेळी समोरचा पक्ष जिथे राहत होता, तिथलं कोर्ट. २००३ नंतर बायकोने अर्ज केला असेल, तर ती स्वतः राहते तिथलंही. म्हणजे शोधायची गावं दोन-चारच. पुण्या-मुंबईत १९८९ पासून कौटुंबिक न्यायालयं आहेत. जिथे ती नाहीत, तिथे बहुधा दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्या कोर्टात चौकशी करावी. खूप जुने कागद तालुक्याहून जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलेले असू शकतात.

२. नावं दोघांचीही घ्या. आम्ही निघण्याआधी भाच्याने मोबाईलवर ई-कोर्टच्या जागेवर खूप शोधलं. तो वन्संचं माहेरचं नाव घालत बसला! केस सासरच्या नावाने असते आणि अर्ज नवऱ्याने केला असेल, तर त्याचं नाव पहिलं येतं. इंग्रजी स्पेलिंगही दोन-तीन तऱ्हांनी घालून पाहावं. साल घालायचं ते अर्ज दाखल झाल्याचं, निकालाचं नव्हे. 'चालू' आणि 'निकाली' दोन्ही पाहावं. तिथे सापडलं नाही म्हणजे केस नाही, असं समजू नका. जुन्या सगळ्याच नोंदी तिथे चढलेल्या नसतात. आमची नव्हतीच.

३. नक्कल मागताना निकालपत्र आणि हुकूमनामा, दोन्हींची मागा. आपलं ओळखपत्र बरोबर न्या. नक्कल मिळाल्यावर कोर्टाचा शिक्का, सही आणि खरी नक्कल असल्याचा शेरा पाहून घ्या. नुसती झेरॉक्स पुढे चालत नाही. आणि एक गोष्ट फार थोड्या जणींना माहीत असते: घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की त्याची एक प्रत दोन्ही पक्षांना फुकट द्यायची, असं हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ मध्येच लिहिलं आहे. ती त्याच वेळी मागून घ्या. वकिलांकडे किंवा वडिलांकडे राहू देऊ नका.

४. कागद हाती आला की वाचा. नावं, लग्नाची तारीख बरोबर आहे का? अर्ज 'मंजूर' झाला आहे का? मुलांचा ताबा, पोटगी याबद्दल काय लिहिलं आहे? अपिलाची मुदत टळल्याशिवाय दुसरं लग्न करायचं नाही. मुदत कोणती, ते वकिलांना विचारून तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

५. दुसऱ्याचा निकाल पाहायचा असेल तर? मुलीला घटस्फोटित मुलाचं स्थळ आलं, म्हणून आपण उठून कोर्टात गेलो, तर सहजी नक्कल मिळत नाही. ही प्रकरणं बंद दाराआड चालतात, त्यांचा मजकूर छापायलाही मनाई आहे आणि तिऱ्हाइताला कारण दाखवून परवानगी मागावी लागते. त्यापेक्षा मुलाकडच्यांनाच म्हणावं, "नक्कल तुम्ही आणून दाखवा." असं म्हणण्यात अपमान कसला? सोनं घेताना आपण हॉलमार्क पाहतोच ना!

विशेष विवाह कायद्याने झालेल्या लग्नांना १९५४ चा कायदा आहे. ख्रिस्ती, पारशी आणि मुसलमान भगिनींचे कायदे वेगळे आहेत, तेव्हा तिथली चौकशी वकिलांकडे करावी. पण कोर्टात निकाल झाला असेल, तर त्याची शिक्क्याची नक्कल जवळ हवी, हे सगळ्यांनाच लागू.

आता पुढचं सांगते. त्या दिवशी परतताना वन्सं खिडकीतून बाहेर पाहत होत्या. एवढंच म्हणाल्या, "बारा वर्षं मी मोकळी आहे असं समजून जगले, वहिनी. आणि मला कुणी नेलंच नव्हतं विचारायला." मला तेच लागलं. सही त्यांची, आयुष्य त्यांचं आणि कोर्टाची पायरी चढले फक्त पुरुष. मामंजींनी मायेनेच केलं सगळं. पण मायेने कागद तयार होत नाही.

ह्यांनी त्या गृहस्थांना फोन केला. त्यांनीही दुसरं लग्न केलेलं नव्हतं आणि आपण सुटलो असंच तेही धरून चालले होते. दोघांनी मिळून परस्पर संमतीने अर्ज केला. त्यात पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. योग्य कारण असेल, तर कोर्ट ती मुदत माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं आहे. पण आम्ही म्हटलं, बारा वर्षं गेली, तिथे सहा महिने काय मोठे. नव्या स्थळाकडच्यांना सगळं खरं सांगितलं. ते थांबले.

२०२४ मध्ये हुकूमनामा झाला. या वेळी वन्सं स्वतः खिडकीशी उभ्या राहिल्या, सही करून नक्कल घेतली आणि तिथल्या बाकावर बसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचली. लग्न साधंच, नोंदणी पद्धतीने झालं. नव्या घरी जाताना त्यांनी पेटी नेली नाही. एक प्लॅस्टिकची फाईल नेली आणि त्यात तो कागद सगळ्यांत वर.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात अशी कुणी लेक, बहीण, नणंद असेल, तर तिला एकदा विचारा, "तुझा कागद कुठे आहे?" नसेल, तर तिच्याबरोबर जा. एकटीला ती पायरी फार उंच वाटते.