सकाळचा कडक ब्रेक

दोस्तांनो, सकाळी मोटारीत बसलेली मोठी माणसं कधीकधी म्हणतात, "अरे, आज ब्रेक दगडासारखा का लागतोय?" इंजिन अजून सुरू झालेलं नसतं आणि ब्रेकवर पाय दिला, तर तो खाली जायलाच तयार नसतो. इंजिन घरघरलं, की तोच ब्रेक पायाखाली अलगद दबतो. रात्रीतून तो बिघडला आणि सकाळी आपोआप दुरुस्तही झाला की काय?

छे! ब्रेक बिघडलेला नसतो. त्याचा मदतनीस तेवढा अजून कामावर आलेला नसतो. हा मदतनीस म्हणजे आपल्या आजूबाजूची साधी हवा!

सायकलचा ब्रेक तुम्ही बोटांनी दाबता आणि सायकल थांबते. तुम्ही आणि सायकल मिळून वजन भरतं पन्नास-साठ किलो. मोटार मात्र माणसांसकट हजार-बाराशे किलोच्या घरात जाते. तिला थांबवायचं तर चाकांजवळच्या ब्रेकवर फार मोठा जोर लागतो. पेडलची तरफ आणि नळ्यांमधलं ब्रेक ऑइल पायाचा जोर वाढवतात खरं, पण तेवढ्यानं भागत नाही. हायवेवर अचानक म्हैस आडवी आली, तर चालकाला ब्रेकवर जवळजवळ उभंच राहावं लागेल!

म्हणून हवेला कामाला लावलंय. हवा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो वजनाइतका दाब देत असते. तुमच्या एवढ्याशा तळहातावरसुद्धा पन्नास किलोंहून जास्त! मग आपण चेपले कसे जात नाही? कारण तो दाब सगळ्या बाजूंनी सारखाच असतो. एका बाजूची हवा काढून घेतली, की दुसऱ्या बाजूची आपली ताकद दाखवते. जर्मनीतल्या माग्देबुर्ग शहराचे महापौर ऑटो फॉन गेरिके यांनी सतराव्या शतकात तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना लावून आतली हवा पंपाने काढली. दोन्हीकडून घोडे जुंपले, तरी ते गोल सुटेनात!

घोडे नकोत, एक छोटा प्रयोग तुम्हीही करून पाहा. बाळाला औषध पाजायची, सुई नसलेली पिचकारी घ्या. दट्ट्या पूर्ण आत ढकला, तोंडावर बोट घट्ट दाबा आणि दट्ट्या ओढा. जड लागतो ना? आता सोडा. सर्रकन आत गेला! त्याला आत कोणी ढकललं? बाहेरच्या हवेनं.

मोटारीतही हेच घडतं. बोनेट उघडलं, की चालकाच्या समोरच्या बाजूला एक काळा, गोल, चपटा डबा दिसतो. हा ब्रेकचा बूस्टर. त्याच्या आत रबराचा पडदा असतो आणि त्यामुळे डब्याचे दोन कप्पे होतात. एक नळी डब्यातून इंजिनकडे जाते. पेट्रोलचं इंजिन चालताना सतत हवा ओढत असतं. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की हवा आत येण्याची वाट जवळजवळ बंद होते, पण इंजिनचं ओढणं चालूच राहतं. त्यामुळे तिथली हवा विरळ होते आणि नळीवाटे डब्यातलीही.

आता चालकाने ब्रेक दाबला, की एक झडप उघडते आणि बाहेरची हवा फक्त पेडलकडच्या कप्प्यात शिरते. पडद्याच्या एका बाजूला दाबाची हवा, दुसऱ्या बाजूला विरळ. पडदा पुढे ढकलला जातो आणि पायाला मदत करतो. केवढी मदत? करा हिशेब. पडदा वीस सेंटिमीटर व्यासाचा धरला, तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. दोन्ही बाजूंच्या दाबात प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ०.६ किलोचा फरक धरला, तर जोर येतो जवळपास १९० किलो! असा बूस्टर बेल्जियमचे अभियंता आल्बेर देवांद्र यांच्या कल्पनेतून आला. १९२७ साली जर्मनीच्या बॉश कंपनीने तो बाजारात आणला.

मग सकाळचं कोडं सुटलं ना? इंजिन बंद झालं तरी नळीतली एकतर्फी झडप डब्यातली विरळ हवा धरून ठेवते. तिच्या बळावर दोन-तीन वेळा ब्रेक मऊ दबतो. पण दर वेळी थोडी हवा आत शिरते. गाडी उभी केल्यावर कोणी पेडल चारदा दाबलं किंवा रात्रभरात हवा हळूहळू आत झिरपली, की मदत संपली! उरतो फक्त तुमचा पाय. म्हणून ब्रेक 'कधीकधीच' कडक लागतो, रोज नाही. बटण दाबून सुरू होणाऱ्या काही गाड्यांमध्ये ब्रेक पुरेसा दबला नाही, तर इंजिन सुरूच होत नाही. तेव्हा घाबरायचं नाही, पाय जरा जोराने दाबायचा.

डिझेलच्या इंजिनात हवेची वाट अशी बंद होत नाही, म्हणून तिथे वेगळा पंप बसवतात. विजेच्या मोटारीत तर इंजिनच नसतं. तिथे विजेचा पंप किंवा विजेवर चालणारा बूस्टर हे काम करतो. आणि आपली एसटी? तिच्यात दाबलेल्या हवेचे ब्रेक असतात. पहाटे वर्धा आगारात एसटी सुरू करून चालक थोडा वेळ थांबलेला दिसला, तर समजा, टाकीत हवा भरतेय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आई-बाबांनाही वाचून दाखवा. नागपूरहून अमरावतीला जाताना आपल्या जिल्ह्यात तळेगावजवळ सत्याग्रही घाट लागतो. अशा उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडायची सवय काही जणांना असते. ती फार धोक्याची! दोन-तीनदा ब्रेक दाबला, की मदतनीस गेला. पुढे वळणावर ट्रक आला आणि पेडल दगड झालं तर? आजच्या बहुतेक गाड्यांमध्ये गिअरमध्ये राहून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की उतारावर इंधन जवळजवळ बंदच होतं. म्हणजे बचत नाही, नुसता धोका. बंद पडलेली गाडी दोराने ओढून नेतानाही हे लक्षात ठेवायचं. तिचा ब्रेक लागतो, पण त्याला पायाचा पुरा जोर द्यावा लागतो.

आणि तुम्ही? उभ्या मोटारीत 'ड्रायव्हर-ड्रायव्हर' खेळू नका. उतारावर हँडब्रेक सुटला आणि गाडी घरंगळली, तर तो कडक ब्रेक तुमच्या पायाला दबणार नाही.

बूस्टर ठीक आहे का, हे घरच्या मोठ्यांना असं तपासता येईल. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबायचा. तो कडक झाला, की पाय तसाच दाबून इंजिन सुरू करायचं. पेडल आपोआप थोडं खाली गेलं, तर सगळं ठीक. इंजिन चालू होऊनही कडकच राहिलं, तर नळी फुटलेली असेल, झडप खराब असेल किंवा पडदा फाटलेला असेल. आणि पेडल स्पंजासारखं खोल जात असेल, तर तो वेगळाच रोग. ब्रेक ऑइल गळतंय किंवा त्यात हवा शिरलीय. दोन्ही वेळा गाडी रस्त्यावर काढायची नाही. मिस्त्रीला घरी बोलवायचं!