सोन्याचा हिशेब आणि माणसांचा

१४ एप्रिल १९४४. महायुद्ध चालू होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभे होते. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, त्याच्या वरखाली कापसाच्या गासड्या आणि शिवाय सोन्याच्या विटा. दुपारी कापूस पेटला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. गोदी उद्ध्वस्त झाली, धान्याची कोठारे जळाली, हजारो कुटुंबे उघड्यावर आली.

माझे पणजोबा त्या दिवशी गोदीत ओझी वाहत होते. ते परतले नाहीत. प्रेतही मिळाले नाही. पणजीने कित्येक महिने कुंकू पुसले नाही. अखेर पोरांना घेऊन तिने कोकणातले गाव गाठले. आजी तेव्हा चार वर्षांची होती.

मित्रहो, या स्फोटाचा विषय निघाला की लोक सोन्याविषयीच बोलतात. विटा १२४ होत्या, हे पुस्तकात सापडते. माणसे किती गेली? कोणी ८०० म्हणतो, कोणी १,३००. एवढी तफावत सोन्याच्या हिशेबात कोणी खपवून घेतली असती काय?

युद्धाचा गोंधळ होता, बातम्यांवर निर्बंध होते, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण त्याच आगीत अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले, हा आकडा पक्का आहे. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल देशभर पाळला जातो, आणि तो पाळलाच पाहिजे. त्यांची नावे हजेरीपटावर होती. रोजंदारीवरचा हमाल मात्र मुकादमाच्या तोंडी हिशेबात जगत होता. गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा झाला तो १९४८ साली. स्फोटके असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटाही त्या जहाजावर नव्हता. म्हणजे आधी त्याला धोका सांगितला नाही आणि नंतर त्याला मोजलेही नाही.

ज्याचे नाव कागदावर नाही त्याचे मरणही कागदावर येत नाही, हे मला या घटनेतून कळले. आजही ठेकेदाराच्या हाताखाली राबणारे असे कितीतरी लोक आपल्या अवतीभोवती आहेत.

आजीचे बोलणे मी वहीत उतरवून घेतले आहे. पणजोबांचे नाव निदान तेथे तरी आहे. तुमच्याही घरात गोदीची, गिरणीची अशी एखादी आठवण असेल. सांगणारी माणसे आहेत तोवर ती लिहून ठेवा.